बंबखान्याचा दीड पान इतिहास

आमच्या सभागृहाच्या मंडळाला इतिहास हवा आहे, पण दीड पानात, आणि त्यातही कुणाचं मन दुखावता कामा नये. माहेरच्या गावी परत येऊन राहिलेली निवृत्त शिक्षिका रिकामीच असते असा गावाचा समज असल्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. नूतनीकरण झालं की दाराशी काळा ग्रॅनाइट बसणार आणि त्यावर माझा मजकूर कोरला जाणार. तीन आठवडे मी तो लिहितेय आणि मंडळाचे सचिव तो सुधारतायत. वय वर्षं तीस. गावचा आगीचा बंब त्यांनी पाहिलेलासुद्धा नाही, पण मतं मात्र पक्की. "मॅडम, जरा पॉझिटिव्ह ठेवा ना," हे त्यांचं पालुपद.

ठेवते. आता जिथे वाढदिवस, योगवर्ग आणि सोसायट्यांची भांडणं होतात, तिथे पूर्वी बंबखाना होता. गाव तेव्हा पुणे महापालिकेत आलं नव्हतं. ग्रामपंचायतीने कुठून तरी एक जुना लाल बंब मिळवला, त्याच्यासाठी पत्र्याची शेड बांधली आणि पुढे शहाबादी फरशी घातली. गावात फरसबंद जागा तेवढीच. त्यामुळे तिथे आगीपेक्षा लग्नांचीच गडबड जास्त. मांडव पडला की बंब बाहेर चिंचेखाली उभा राहायचा. मंडळाने मजकुरातून चिंच गाळली. ती तोडली कुणी, असा प्रश्न निघेल म्हणे.

एक वाक्य मात्र सचिवांनी स्वतःहून घातलं: 'पुढे चालकाच्या हलगर्जीपणामुळे बंब आगीच्या ठिकाणी रिकामा पोहोचला व बंबखाना बंद करण्यात आला.' म्हटलं, हे कुठून आणलंत? म्हणाले, "पंचायतीच्या जुन्या ठरावात आहे, मॅडम. रेकॉर्ड आहे." मन दुखावण्याची यांची काळजी माणूस मेला की संपते. मी त्या वाक्यावर काट मारली. ते परत आलं. पुन्हा मारली, पुन्हा आलं. का काढायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलले.

मग ते वाक्य कानावर गेलं म्हणून चालकाची बायको माझ्या घरी आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. सभागृहामागच्या खोलीत एकटी राहते, ऐंशीच्या घरात आहे, आमची लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढून आली. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, ठराव कागदावर हाय, त्यो कुनी वाचत न्हाई. दगडावर कोरल्यावर नातवंडं येता-जाता वाचनार. तेवढं काढाया लावा."

काढायला लावायचं तर खरं सांगावं लागणार होतं. ते असं. माझं लग्न त्याच फरशीवर झालं. सासर पेठेतलं. वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन उतरलं होतं. सकाळी वीज गेली, विहिरीवरचा पंप बंद, नळ कोरडा, आणि अख्खं वऱ्हाड आंघोळीविना खोळंबलेलं. चहात साखर कमी पडली तरी तीन पिढ्या लक्षात ठेवणारी ही माणसं. वडील रिकाम्या बादल्या घेऊन नळाभोवती फिरत होते. मी हळदीच्या अंगानेच चालकाकडे गेले आणि बंबातलं पाणी मागितलं. ते म्हणाले, "ताई, टाकी रिकामी ठेवायची न्हाई, नियम हाय." मी म्हटलं, "वीज आली की भरा. आजच कुठे आग लागायचीय?"

वीज आली नाही. पंगत बसली असताना गादीवाल्याच्या दुकानाला आग लागली. तो बिचारा आमच्याच पंगतीत जेवत होता. बंब घंटा बडवत लगेच पोहोचला, लोकांनी वाट करून दिली, पाइप सोडला आणि त्यातून चूळ भरण्याइतकं पाणी आलं. माणसं वाचली. दुकान, कापूस, पिंजायचं यंत्र सगळं गेलं. चौकशीत चालक म्हणाले, टाकी भरायची राहिली, चूक माझी. त्यांची नोकरी गेली. मी तोवर सासरी गेले होते. मला कुणी विचारलंच नाही, हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलेय, आणि आता मला त्या कारणाची सचिवांपेक्षाही जास्त चीड येते.

मी वाक्य नव्याने लिहिलं: 'बंबातलं पाणी माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या आंघोळीला गेलं. ते मी मागितलं होतं. चालकांनी आधी नकार दिला होता.' मंडळाला पाठवण्याआधी तिच्या खोलीवर जाऊन वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती, तिने हात थांबवला नाही.

"मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. "तवाच सांगितलं हुतं त्यांनी मला. मी लई भांडले. म्हनलं, सांगा चौकशीत, नवरीनं मागितलं म्हनून. तर म्हनले, नवी नवरी हाय. सासरची मानसं पैल्याच दिशी खापर तिच्या डोक्यावर फोडतील. नांदू दे तिला. चार दिसांनी येईल माहेरी, तवा सांगेल आपनहून."

त्यानंतर मी दर दिवाळीला माहेरी येत होते.