सहावीची गाळणी

"कोनं भरलं पानी?"

"मॅडमनं."

बोलणं एवढंच. शाळा समितीच्या अध्यक्षांनी ओठापर्यंत नेलेला ग्लास खाली आणला, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी व्हरांड्यातल्या तुळशीच्या कुंडीत ओतलं. मग ड्रायव्हरला हाक. "गाडीतली बाटली आन रे." तिच्यातलं पाणी गटागटा प्याले. अख्खी सहावी पाहत होती.

या सहावीबद्दल सांगायलाच हवं, कारण असा वर्ग पृथ्वीवर दुसरा नाही आणि मी त्याची वर्गशिक्षिका आहे. या सत्रात आम्ही दशांश अपूर्णांकांना लोळवलं. हडप्पाची गटारं मैदानात अशी खणली की हेडसर मोटरसायकलसकट इतिहासजमा होता होता वाचले. इंग्रजी कविता इतक्या जोरात म्हणतो की मंगरूळपीरची एस.टी. थांबा नसताना थांबते. आणि विज्ञानात पाणी गाळलं. उलटी कापलेली बाटली, तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी, वर कोळसा, वाळू, खडी. नाल्याचं चहासारखं पाणी ओतायचं, खालून असं उतरायचं की ग्लास रिकामा समजून पोरं तो उलटा करायची. गाळलं, उकळलं, निववलं. ग्लासात मी भरलं. पुढच्या आठवड्यात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. त्याआधी अध्यक्षांना दाखवायचं ठरलं होतं.

त्यांची गाडी गेली आणि पायल पुढे आली. गाळणीच्या गटाची पुढारी.

"मॅडम, आपलं काय चुकलं?"

मी तोंड उघडायच्या आत हेडसर बोलले, "कोळसा कमी पडला असन."

झालं. पोरांनी गाळणी खोलली. वाळू हापशीवर नेली. धुतली. परत धुतली. कोळसा नव्यानं कुटला. चिंधीचा वास घेऊन पाहिला. एक पोट्टा वाळूचा कण उन्हात धरून त्यात घाण शोधत होता. पायलची बोटं पाण्यानं सुरकुतली होती, तरी ती म्हणे, "अजून एक डाव धुवा रे, खडी बी धुवा."

एरवी माझं तोंड गिरणीच्या पट्ट्यासारखं चालतं. त्या दिवशी पट्टा तुटला. असे ग्लास मला नवे नव्हते. लग्नाच्या पंगतीत पाहिले. भाड्याची खोली बघायला गेले तिथे पाहिले. स्टाफरूममध्येही, चहाच्या वेळी. आणि दर वेळी घरी येऊन मी आपलीच नखं तपासली. साडीचा काठ तपासला. आपलंच काहीतरी राहिलं असणार. आता माझ्यासमोर अकरा-बारा वर्षांची लेकरं तेच करत होती. माझ्यापायी.

"बंद करा!" मी ओरडले. अनसिंगच्या एस.टी. स्टँडवरची कबुतरं उडाली असतील, अशी ओरडले. "गाळणी बरोबर हाय. पानी बी चांगलं हाय. ते म्या भरलं. अन् माही जात त्यायले चालत नाही. म्हणून ओतलं."

हापशीचा दांडा थांबला.

"मंग आमी कायले धुऊन राह्यलो?" पायलनं विचारलं. आणि वाळूचं टोपलं धाडकन खाली ठेवलं.

हेडसर पळत आले. "मॅडम, पोरायसमोर जात काहून काढली?"

"मी काढली?"

"तसं नाही हो. पन प्रदर्शनाले अध्यक्ष राहतीन. दुसऱ्या मॅडम नेतीन पोरायले. तुमी आराम करा."

आराम! निवडणुकीच्या ड्युटीत, जनगणनेच्या उन्हात, खिचडीचा तांदूळ मोजताना कोणाला माझ्या आरामाची आठवण आली नव्हती.

हेडसरांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. मी जाणार. माझी पोरं घेऊन जाणार. मांडवात पाणी मीच भरणार आणि पहिला ग्लास अध्यक्षांपुढे धरणार. बदली करायची तर खुशाल करा, तिथेही सहावी असेलच. ज्याला प्यायचं नाही त्यानं पिऊ नये. पण गुपचूप तोंड फिरवून जायचं नाही. दुसऱ्याच्या नकाराला कारण शोधून द्यायचं काम मी सोडलं आहे. पायल माझ्या शेजारी उभी असेल. का पीत नाही, ते तिला सांगायचं. स्वतःच्या तोंडानं.