क्लच सोडण्याआधी

ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाकडं किस्से आपोआप साठतात. कपड्यावर ग्रीस साठतं तसे. धुतले तरी जात नाहीत. मी चौथी पास. पण शिरोळ भागातल्या खळ्यांवर उभी हयात मळणी मशीन चालवलं आणि माझ्या मशीनवर कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही. हे मी सांगतो, कारण ते खरं आहे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. कुरुंदवाडला स्टँडच्या मागं एक गॅरेज होतं. हंगाम नसला की आम्ही ड्रायव्हर तिथंच बसलेले. त्यातला दत्तू माझ्यापेक्षा लहान, मला तात्या म्हणायचा. माणूस लाखातला. डावा पाय तेवढा वाईट.

* * *

दत्तूला चालत्या ट्रॅक्टरवर पाय क्लचवरच ठेवायची सवय. खुंटीला पिशवी अडकवावी तसा. त्याची क्लच प्लेट पुन्हा जळाली तेव्हा मिस्त्रीनं ती हातात घेऊन वास घेतला.

"दत्तू, उद्यापासनं उजवा पाय तेवढा घिऊन ये. डावा घरी ठेव."

"मग क्लच कुणी दाबायचा?"

"तू दाबतोस कुठं? तू त्यावर झोपतोस."

* * *

मळणी मशीन ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर फिरतं. रीत साधी आहे. रेस कमी ठेवायची, क्लच पूर्ण दाबायचा, शाफ्ट इंजिनाला जोडणारा दांडा टाकायचा, क्लच सावकाश सोडायचा. मशीन फिरायला लागलं की मग रेस वाढवायची. बंद करताना आधी रेस कमी, मग दांडा.

दत्तू आधी रेस वाढवायचा आणि क्लच धाडदिशी सोडायचा. बेल्ट उडायचा, पिन तुटायची. विचारलं तर म्हणायचा, "तात्या, मशीनला कळाय पायजे, कोण आलाय त्ये."

एकदा कळलं. मशीनला नाही, त्याला.

गव्हाची मळणी होती. मशीनच्या तोंडात पेंढ्या घालायला त्याचीच बायको, हौसा. शाफ्टजवळ सांडलेली पेंढी उचलायला ती वाकली होती. दत्तूनं मागं न बघता क्लच सोडला. पदर शाफ्टला गुंडाळला. लुगडं जुनं, विरलेलं. ते टरकन फाटलं आणि ती बाजूला पडली. खरचटण्यावर भागलं.

ती उठून उभी राहिली. दत्तू इंजिन बंद करून खाली उतरला आणि शाफ्टला गुंडाळलेला पदर सोडवत बसला.

* * *

दुसऱ्या दिवशी दत्तू कोल्हापूरला गेला आणि शाहूपुरीतल्या दुकानातनं नवं लुगडं घेऊन आला. चांगलं घट्ट विणीचं. हौसानं ते दोन बोटांत धरून बघितलं.

"चांगलं हाय. सणाला नेसीन. मशीनवर जुनंच बरं. त्ये फाटतं तरी."

दत्तू लुगड्याची परत घडी घालायला लागला.

"आणि तुमच्या मशीनवर मी न्हाय. तात्यांच्या मशीनवर जाणार. तुमच्या पायावर माझा भरवसा न्हाय."

तेव्हापासनं नवराबायको दोन खळ्यांवर. सकाळी हौसा दोन फडक्यांत भाकरी बांधायची, एक त्याची, एक तिची. एका दुपारी दत्तू आपलं फडकं घेऊन आमच्या खळ्यावर आला आणि हौसापासनं चार हात लांब बसला.

मी म्हटलं, "काय रं, हिकडं कुठं?"

"हितं सावली बरी हाय, तात्या."

आमच्या खळ्यावर झाड नव्हतं.

हौसानं त्याच्याकडं न बघता कांदा फोडला आणि अर्धा त्याच्या बाजूला सरकवला.

* * *

एकदा बेअरिंग आणायला मी आणि दत्तू कोल्हापूरला निघालो होतो. हौसाला माहेरी जायचं होतं, म्हणून तीही त्याच एसटीत होती. ड्रायव्हर नवा असावा. गिअर बदलला की सगळी गाडी पुढं झुकायची. तिसऱ्या हिसक्याला हौसा मागच्या सीटवरनं म्हणाली, "तात्या, ह्यो बी ह्यांच्याच हाताखाली शिकलाय व्हय?"

कोल्हापूर येईपर्यंत दत्तू खिडकीबाहेर बघत होता.

परत येताना मला म्हणाला, "तात्या, मला पयल्यापासनं शिकवा. तिनं परत माझ्या मशीनवर उभं ऱ्हायला पायजे. दुसरं काय नगं मला."

* * *

मी त्याची चप्पल काढायला लावली. अनवाणी पायाला क्लच कळतो. म्हटलं, "पायाखाली अंडं हाय असं समज. फुटता कामा न्हाय."

"कोंबडीचं का बदकाचं?"

"खाली उतर."

"न्हाय तात्या, समजलं, समजलं."

पावसाळाभर रिकाम्या मशीनवर तेच. दाब. दांडा. सावकाश सोड. आता रेस. मी चुकीला चूक म्हटलं, बरोबरला काही म्हटलं नाही. तशी माझी पद्धत नाही.

दिवाळीच्या आसपास हौसा मला म्हणाली, "तात्या, ह्यास्नी काय शिकवलंय हो? जेवताना डावा पाय हळूहळू वर येतोय. काल ताट लवंडलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आता रेस वाढवा आणि ताट धुवून आणा."

* * *

एक गोष्ट मात्र दत्तूला जमेना. माझ्या मशीनवर नियम होता. क्लच सोडण्याआधी तोंडाशी जो असेल त्याला नावानं हाक मारायची. त्यानं "सोडा" म्हटलं तरच सोडायचा. दत्तू म्हणायचा, "अगं ए, सोडू?"

मी म्हटलं, "अगं ए म्हटलं की खळ्यावरच्या सगळ्या बायका वर बघत्यात. नाव घे."

"चारचौघांत? बायकोचं?" त्याचे कान लाल झाले. "लग्नात बी म्या नाव घेतलं न्हवतं तात्या. दाजीनं कोपरानं ढोसलं तरी."

"मग ती माझ्याच मशीनवर बरी हाय."

* * *

पुढच्या गव्हाच्या मळणीला मी ट्रॅक्टर चालू केला आणि खाली उतरलो. म्हटलं, "आज दत्तू बसंल."

हौसानं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्या अनवाणी पायाकडं बघितलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पदर कमरेला घट्ट खोचला आणि मशीनच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

दत्तूनं रेस कमी केली. क्लच दाबला. दांडा टाकला. मागं वळून सगळं खळं बघितलं. मग ओरडला, "हौसा! सोडू?"

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हौसा काही बोलली नाही. खाली मान घालून उभी.

दत्तू थांबला. शेताचा मालक लांबून ओरडला, "आरं सोड की. उभी हाय न्हवं ती?"

"ती म्हटल्याबिगार न्हाय."

पुन्हा मालक ओरडला. हौसा गप्पच. दत्तूनं दांडा काढला. क्लच सावकाश सोडला. इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तिच्यापाशी गेला.

"काय झालं गं? भ्या वाटतंय? तात्यास्नी बसवू?"

हौसानं पेंढी उचलली. त्याच्या पायाकडं बघितलं नाही.

"जावा, बसा वर," ती म्हणाली. "आणि परत एकदा म्हणा."