ऑइलच्या झाकणाखाली

गाड्या दुरुस्त होऊन निघून जातात, किस्से मात्र गॅरेजमध्येच राहतात. विसरवाडीला हायवेच्या कडेला रफिकचाचा आणि मी वीस वर्षं इंजिनं उघडतोय. दुपारी ट्रक कमी झाले, की कडुलिंबाखाली चहा घेत आम्ही तेच किस्से पुन्हा सांगतो. आणि पुन्हा हसतो!

*

धानोऱ्याचे एक पाटील. गाडी ओढत नाही म्हणून आले. चाचांनी ऑइलचं झाकण काढलं, तर आत काळा गाळ, खरवडून काढावा असा!

"ऑइल कधी बदललं?"

"बदलानं कसाले? कमी व्हयनं का वरतून टाकस ना!"

"पाटील, माठ न धोता नुसतं पाणी वतत राह्यनात, तर ते पाणी पिशात का?"

पाटील विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "घर जाईसन माठ देखना पडी!"

*

एका गुरुजींची गाडी घर ते शाळा, एवढीच धावायची. जेमतेम एक किलोमीटर. इंजिन तापायच्या आधीच बंद! आतली वाफ आतच राहून झाकणाखाली लोण्यासारखा थर. चाचांनी सांगितलं, "रविवारी लांब न्या तिला."

पुढच्या आठवड्यात गुरुजींच्या बायको पेढे घेऊन हजर! "तोरणमाळला ढग गाडीत शिरले हो. लग्नानंतर पहिल्यांदा फिरवलं यांनी. तेही गाडीच्या तब्येतीसाठी!"

*

अक्कलकुव्याचे एक शेठ दुपारी एसी लावून चालू गाडीतच झोपायचे. "मीटर तर वाढत नाही, मग ऑइल खराब कसं झालं?"

चाचा म्हणाले, "शेठ, तुम्ही झोपनात, पन ती जागीच व्हती!"

*

एकदा मी चाचांच्याच व्हॅनचं झाकण उघडलं. आत पाहिलं. गुपचूप बंद केलं.

"किसी को बोलना मत," चाचा म्हणाले.

आत्तापर्यंत साऱ्या विसरवाडीला सांगून झालंय!

*

आता अण्णांचा किस्सा. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. काचबिंदूने नजर गेली, तरी रोज सकाळी आपली जुनी कार चालू करून पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसायचे. मग गाळ साचणारच.

इंजिन साफ करून चाचा म्हणाले, "नुसती चालू करू नका अण्णा. हायवेवर पळायला पाहिजे ती."

शेजारी अण्णांची बायको, साठीच्या काकू, उभ्या होत्या. "मी शिकसू गाडी," त्या म्हणाल्या.

आणि शिकल्या! काही महिन्यांनी ऑइल बदलायला आल्या, तेव्हा मलाही चक्कर मारायला मागे बसवलं. कोंडाईबारीचा घाट. डाव्या सीटवर अण्णा, डोळे मिटलेले, हात खिडकीबाहेर वाऱ्यात. इंजिनाच्या आवाजावरून वळणं सांगत होते.

"आते उजवं वळण. गियर उतार."

काकू उतरवत होत्या.

"आते डावा हातले मोठी चिंच ई."

ती चिंच रस्ता रुंद करताना केव्हाच तोडली होती. डावीकडे नुसतं ऊन होतं.

"उनी का?" चिंच आली का, ते अण्णांनी विचारलं.

काकूंनी गाडी जरा हळू केली.

"उनी ना," त्या म्हणाल्या. "यंदा चिंचा भी खूप लागन्यात."