डेरेकचा ठोका

क्रॅडली हीथ या इंग्रजी गावातल्या डेरेक टिबेट्सचे हात जन्मात कधी स्वस्थ बसले नाहीत. चर्चच्या बाकावर, पबच्या टेबलावर, इतकंच काय, लग्नात नवरीचा हात धरला तर तिच्या मनगटावरही याचा ताल सुरू! दिवसा साखळीच्या कारखान्यात घण आणि संध्याकाळी ड्रम, असं त्यानं सात वर्षं रेटलं. बँडचं नाव 'ब्लॅक बेलोज', म्हणजे काळा भाता. ते वाजवायला आले की पबची मालकीण फळीवरचे ग्लास आधी खाली उतरवून ठेवायची.

बाकीचे तिघे नोकऱ्या सोडून मोकळे झाले होते. डेरेक मात्र सुटीपुरता गडी. जुलैअखेर कारखाना पंधरा दिवस बंद, सगळं गाव समुद्रावर. तेवढ्यात बँडचा दौरा उरकायचा. ऐंशी साली पहिली तबकडी निघाली, बऱ्यापैकी गाजली, आणि जर्मनीतल्या नऊ गावांचं बोलावणं आलं. सुटी लागेल त्याच शनिवारी बाराला निघायचं ठरलं. तर कारखान्याच्या नव्या मॅनेजरनं यंदाची सुटीच आठवडाभर पुढं ढकलली.

डेरेकनं रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. गायक नेव्ह म्हणाला, बारापर्यंत थांबू, नाहीतर वॉल्सॉलचा एक ड्रमवाला बॅग भरून बसलाय. डेरेकचा बाप, आजा त्याच भट्टीपुढं म्हातारे झालेले. ती सोडायची कशी? शनिवारी सकाळी तो मुकाट कामावर गेला.

जाड कडी जोडायची तर तिघांचा मेळ लागतो. म्हातारा होरेस बिलिंगहॅम हातोडीनं जागा दाखवणार, दोघांनी आळीपाळीनं घण घालायचा. त्या दिवशी डेरेक सारखा अर्धा ठोका पुढं. पहिली कडी वाकडी झाली. दुसरी फुटली. तिसऱ्या वेळी दोन घण हवेतच आदळले आणि एक होरेसच्या कानाजवळून गेला.

होरेसनं हातोडी खाली ठेवली. घड्याळात साडेअकरा.

"पोरा, तू इथं नाहीसच. तुझं भूत घण मारतंय."

"मी राहतोय, होरेस. ठरलंय माझं."

"तुझं ठरलंय, हातांना सांगायचं राहिलंय. चालता हो. माझा कान मला हवाय."

डेरेक चामडी एप्रनसकट पळाला. नऊही गावांत तेच घालून वाजवत राहिला. जर्मन पोरांना वाटलं, हा खास शिवून घेतलेला पोशाख!

बँड आणखी तीन वर्षं चालला, दोन तबकड्या निघाल्या, मग हवा बदलली आणि भाता मिटला. डेरेक डडलीची बस चालवू लागला. लाल दिव्यापाशी त्याची बोटं स्टिअरिंगवर नाचायला लागली की मागच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, हिरवा लागून गेला, बाबा, निघ आता.

पण जर्मनीहून परतल्या परतल्या तो एप्रन द्यायला कारखान्याच्या फाटकाशी गेला होता. त्याच्या जागी नवा गडी लागला होता. होरेसनं एप्रन घेऊन झटकलं. नोकरीचं नाव काढलं नाही.

"तिकडची माणसं टाळ्या तालात देतात का रे?"

"मागच्या रांगा अर्धा ठोका उशिरा."

"आणि तू?"

"मी बरोबर होतो."

होरेस मान हलवून आत गेला. डेरेक तिथंच उभा राहून आतले घण ऐकत होता. नवा गडी किंचित उशीर करत होता. डेरेकनं दोन्ही हात खिशात कोंबले, तरी ते आत चुळबुळतच राहिले.