ज्याचं हेड, त्याचं तोंड भिंतीकडे

काही जागा अशा असतात की तिथे चहा प्यायला गेलं तरी एक किस्सा पदरात पडतो. भिलाईहून रायपूरला जाताना कुम्हारीच्या अलीकडे हायवेला लागून मोरूभाऊ बोरकरांची पत्र्याची शेड आहे, ती त्यातली. पत्रकारितेत जन्म गेला माझा. मंत्र्यांच्या पत्रकार परिषदांतून इतकं काही मिळालं नाही!

मोरूभाऊ स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधून रिटायर झाले आणि रेसच्या बोटींच्या इंजिनांची हेडं सुधारायला लागले. भिलाईत बोट? लोक हसायचे. ते म्हणायचे, "बोट धरणावर चालते, पन तिचं नाक इथं साफ होते."

हेड म्हणजे इंजिनाचं नाकच. जितकी हवा आत, तितका जोर जास्त. ती हवा मोजायला त्यांनी घरीच बेंच बनवलं: जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी, एक लाकडी खोका आणि आकडे आखलेली उभी काचेची नळी. नळीत कुंकवाचं पाणी. पाणी जितकं वर चढेल, तितकी हवा जास्त. एका हेडची खडूने खूण करायची, मग दुसरं हेड चढवायचं. एवढंच.

•

हवा आत शिरताना अडखळू नये म्हणून हेडच्या तोंडाभोवती मातीची गोल कड लावतात. मोरूभाऊ कणकेची लावतात. कणीक मळून देणार शकूवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी.

एकदा पाठकसाहेबांचं हेड मोरूभाऊंच्या हेडपुढे हरलं. साहेब प्लांटचे रिटायर्ड अधिकारी, जुनवानीत बंगला, बोटींच्या हेडांचा त्यांनाही नाद. हरणं त्यांच्या स्वभावात नाही.

"माझ्या हेडला सैल कणीक दिली! कड खाली बसली, हवा कशी जाणार?"

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "साहेब, जेवायले बसले का पोळी मऊच पायजे म्हनता ना तुमी!"

तेव्हापासून दोन्ही हेडांना एकाच गोळ्यातली कणीक लागते. साहेब ती दाबून बघतात. दोन्हीकडची!

•

उन्हाळ्यात आजूबाजूचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मोटरी मंदावतात आणि चांगलं हेडही बसकण मारतं. ते कळण्यासारखं होतं. पण एका दुपारी कूलर सगळे बंद असताना नळीतलं पाणी मध्येच बोटभर खाली आलं.

मोरूभाऊंनी नळीवरची नजर न हलवता शेडमागच्या घरात ओरडून विचारलं, "अवो, चटनी वाटून राहिली का?"

आतून मिक्सर थांबला. पाणी वर आलं.

"व्हय! हवा मोजून पोट भरत असन तं सांगा, मिक्सर विकून टाकतो!"

•

एक विक्रेता आला होता. कोट, टाय आणि गुळगुळीत कागदाचं ब्रोशर. ब्रोशरमध्ये त्याच्या हेडचा हवेचा आकडा एवढा मोठा छापला होता की माझं टाळकंच सरकलं. असल्या आकड्यांशी भांडण्यात माझी हयात गेली आहे.

बेंचवर चढवलं, तर हेड ब्रोशरच्या जवळपासही येईना.

मी विचारलं, "हा आकडा किती दाबावर मोजला?"

"सर, कंपनी के प्रेशर पर."

"आणि हवा? तीही कंपनीचीच होती का?"

तो मला सोडून मोरूभाऊंकडे वळला. त्यांनी ब्रोशरचाच आकडा लिहून दिला तर रायपूरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना तो इथेच पाठवणार होता. मोरूभाऊंनी खडू उचलला, नळीवर दिसला तोच आकडा त्याच्या हेडवर ठळक लिहिला आणि हेड त्याच्या हातात दिलं.

"जाता जाता पुसून टाकजा. मी नाई पुसत."

त्यावर मी सणसणीत बातमी दिली. ती छापून आली नाही. त्या दिवशी त्याच पानावर त्याच कंपनीची जाहिरात होती!

•

बेंचचा सगळ्यात कडक नियम वेगळाच. आपलं हेड असलं की माणसाचा डोळा आपोआप थोडा खाली येतो आणि नळीतलं पाणी थोडं वर दिसतं. म्हणून ज्याचं हेड बेंचवर, त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि आकडा समोरच्याने मोठ्याने वाचायचा. यावर वाद नाही, फेरमोजणी नाही.

पाठकसाहेब पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले तेव्हा पुटपुटले, "शाळेतही मला कुणी असं उभं केलं नव्हतं."

मोरूभाऊ म्हणाले, "म्हनूनच राहून गेलं ना, साहेब!"

मोरूभाऊंनी समोरच्याचा आकडा कधी कमी वाचला, असं त्यांचा वैरीही म्हणणार नाही. स्वतः हरले तरी आवाज तोच.

•

त्यांची एकुलती एक मुलगी रेवती रेसची बोट चालवते. मागच्या मोसमात वडिलांचं हेड लावून ती धरणावर उतरली आणि वळणावर बोट उलटली. तिला पाण्यातून काढलं, तेव्हा हात मोडला होता. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न: "बाबा, स्पीड किती होती?"

वहिनींनी त्या दिवसापासून कणीक मळून देणं बंद केलं. मोरूभाऊ स्वतःच मळू लागले. ती बहुतेक सैलच व्हायची, पण पाठकसाहेबांनी एकदाही तक्रार केली नाही.

•

हाड जुळलं आणि रेवतीने पुन्हा नाव नोंदवलं. मोरूभाऊ एवढंच म्हणाले, "एवढी घाई कावून करून राहिली?"

"बाबा, तुमीच शिकवलं ना! आता बेंच सांगन तेच हेड लावीन."

हेडं दोन. एक मोरूभाऊंचं, नवं, वर्षभर घासलेलं. दुसरं पाठकसाहेबांनी पुतण्याकडून परदेशातून मागवलेलं. त्या दिवशी कणीक वहिनींनी मळून आणली. ताट बेंचवर ठेवलं, नवऱ्याला "नीट मोजजा" म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

आधी मोरूभाऊंचं हेड. ते भिंतीकडे वळले, साहेबांनी आकडा वाचला. वाचताना साहेबांचा आवाज पडला, कारण पाणी आजवर इतकं वर कधी गेलं नव्हतं. मी खडूने खूण केली.

मग साहेबांचं हेड. साहेब भिंतीकडे. रेवती मोटरींच्या स्विचपाशी. मोटरी घुमल्या, कुंकवाचं पाणी चढलं आणि खुणेच्या चांगलं खाली थांबलं.

मोरूभाऊ नळीकडे बघत राहिले. मग खुणेच्या वरचा आकडा वाचला. मोठ्याने, नेहमीच्याच आवाजात.

"क्या बात है!" साहेब भिंतीकडे तोंड करूनच नाचले. "मोरूभाऊ, तुमच्याच बेंचवर हरवलं तुम्हाला!"

"हरवलं, साहेब," मोरूभाऊ म्हणाले आणि ओल्या फडक्याने माझी खूण पुसून टाकली.

रेवतीने स्विच बंद केला. तिथून नळी दिसते की नाही, मला माहीत नाही. वहिनी आत गेल्या. थोड्या वेळाने मिक्सर सुरू झाला.

रेसमध्ये ती तिसरी आली. बोट सरळ होती. साहेब सगळ्यांना पटवून देत होते की हेड अव्वल आहे, दोष बोटीच्या पंख्याचा आहे. रेवती काठावर उतरली, हेल्मेट काढून बापाच्या हातात दिलं आणि म्हणाली,

"बाबा, पुढच्या टायमाले आकडा मी वाचीन."