दत्तारामची सडक

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका नवरदेवाचा फोटो काढत होतो. "हनुवटी जरा वर," असं त्याला सांगून फोन घेतला, ऐकला, ठेवला, आणि परत येऊन त्या बिचाऱ्यावरच ओरडलो, "असा कसा गेलास मेल्या, काम अर्धं टाकून?" नवरदेव उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मुलगी पळाली. त्याची समजूत काढण्यात माझी दहा मिनिटं गेली आणि तेवढ्यात रडायचं राहून गेलं. ते राहिलंच. दीड महिना झाला, मला अजून रडू आलेलं नाही. राग तेवढा येतो. दत्तारामवर येतोच, पण त्याहून जास्त एका दुसऱ्या गृहस्थांवर येतो. त्यांना आपण नुसतं 'सर' म्हणू. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. एक तर आमच्या आळीतल्या वकिलांनी तसं बजावलंय. दुसरं म्हणजे, ज्यांनी दत्तारामचं नाव साध्या तळटीपेतही घातलं नाही, त्यांचं नाव मी का छापून आणू?

दत्ताराम संगमेश्वरकडचा पोस्टमन. मी रत्नागिरीत फोटोवाला. शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची मैत्री. संगमाच्या वरच्या अंगाला रानात, शेतात, कुणाच्या गोठ्यामागे जुन्या देवळांचे अवशेष पडलेले आहेत. कुठे नुसता चौथरा, कुठे अर्धा खांब, कुठे कपडे धुवायला घेतलेली नक्षीची शिळा. वाडीवाडीत टपाल वाटताना दत्ताराम असा प्रत्येक दगड वहीत नोंदवायचा. कुठला, किती हात लांब, तोंड कुठल्या दिशेला, शेजारी कोण राहतं. वीस वर्षं हा उद्योग. लोक म्हणायचे, मनीऑर्डर उशिरा आली म्हणजे समजावं, वाटेत नवीन दगड सापडला. रविवारी मी एसटीने जायचो आणि तो दाखवील त्याचे फोटो काढायचो. निम्मे हलायचे. "तुझ्यापेक्षा ह्यो दगड बरा," दत्ताराम म्हणायचा, "हलत तरी नाय."

अठ्ठ्याण्णव साली सर पुण्याहून आले. गोड बोलणारे, खादीचा झब्बा, 'आपण', 'आपलं' अशी भाषा. दत्तारामने त्यांना चार दिवस हिंडवलं, त्याच्या बायकोने, सुलूवहिनींनी, घावणे वाढले. जाताना सर म्हणाले, वही चार दिवस मिळाली तर बरं होईल. दत्तारामने मान हलवली, नाही अशी. आणि मी, माझ्या जिभेला काय हाड होतं का... मी म्हटलं, "देऊन टाक रे, विद्वान माणूस आहे, पळून थोडाच जाणार?" वही माझ्याच हाताने त्यांच्या शबनम पिशवीत ठेवली. वर फोटोंच्या निगेटिव्हही दिल्या, पाकिटात घालून, कव्हरवर सुवाच्य अक्षरात 'सरांना सप्रेम'. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या आहेत, एका लग्नात तर तास दोन तास भलत्याच वधूचे फोटो काढले आहेत, पण ही माझी सर्वांत मोठी.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. वहीतली मापंसुद्धा जशीच्या तशी, हातांचे मीटर तेवढे केलेले. प्रस्तावनेत आभार होते 'एका स्थानिक टपाल कर्मचाऱ्याचे'. दत्ताराम हेही गिळून बसला असता. पण त्याची एक खास कल्पना होती. नदीकाठच्या उतारापासून वरच्या देवळांपर्यंत फरसबंद सडक असली पाहिजे आणि ती मातीखाली बुजली आहे, असं तो म्हणायचा. पायाला कळतं, म्हणायचा. सरांनी तेवढीच गोष्ट चोरली नव्हती. तिच्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'हा स्थानिकांच्या कल्पनाविलासाचा नमुना होय.' दत्तारामने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "सडक दाखवीन. पण ह्याला नाय." त्या दिवसापासून त्याला दुसरं काही नको होतं. ती सडक एकदा डोळ्यांनी पाहायची आणि ती त्याच्या नावावर लागली पाहिजे. मला म्हणाल, तर मला सरांचं नाक मातीत घासलेलं पाहायचं होतं. माझी मागणी साधी होती.

मग बलून आला. दोन हजार तीनच्या थंडीत मुंबईच्या कुणी हॉटेलवाल्याने पर्यटन महोत्सव भरवला. 'सूर्योदयी बलूनमधून प्राचीन अवशेषांचे दर्शन' असे फलक लागले. पहिल्या फेरीत एक मोठे पाहुणे जाणार आणि त्यांना माहिती सांगायला आमचे सर. हे कळल्यावर मी खवळलो, पण दत्तारामचे डोळे चमकले. "उगवतीचं ऊन आडवं येतं," तो म्हणाला. "जमिनीला बोटभर जरी उंचवटा असला तरी सावली पडते. वरनं बघितलं तर बुजलेलं सगळं रेघा मारल्यासारखं दिसंल. मला वर जायला हवं, गजा." मी महोत्सवाच्या मंडपात गेलो आणि आपण पेपरचे फोटोग्राफर असल्याची थाप मारली. एवढी एकच थाप मला आयुष्यात नीट जमली.

त्या दिवशी उजाडायच्या आधी भातशेताच्या मळीत तो अजस्र कपडा फुगायला लागला. अख्खी वाडी घोंगड्या पांघरून बघायला आली होती. गावकऱ्यांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, कारण आमच्याकडे विहीर खणायची असो की हवेत जायचं असो, देवाला सांगितल्याशिवाय हलत नाहीत. पायलटने आग सोडली. हा एवढा भडका झाला, आणि मोठे पाहुणे म्हणाले, आपली तब्येत बरी नाही. टोपलीत एक जागा रिकामी झाली. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. कुठल्या वाडीवर आपण आहोत हे वरून कोण सांगणार, ही त्यांची पंचाईत मला स्पष्ट दिसली. "अरे, आपले पोस्टमन!" ते म्हणाले. "चला, तुम्ही चला. मला जरा नावं सांगायला बरं." दत्ताराम चपला काढून टोपलीत चढला, देवळात चढतात तसा.

आता माझी फजिती. मला उंचीची भीती वाटते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. रत्नागिरीत उंच म्हणजे पाण्याची टाकी, तिच्यावर मी कशाला चढतोय? जमीन सुटली तसा मी टोपलीच्या तळाशी बसलो आणि दत्तारामचा पाय धरला. वर शेगडी गरजत होती, सर कुणीच ऐकत नसताना माहिती सांगत होते, आणि मी देवाला माझं स्वतंत्र गाऱ्हाणं घालत होतो. मग शेगडी थांबली. एकदम शांत झालं... इतकं, की खाली कोंबडा आरवलेला ऐकू आला. डोंगराच्या कडेवरून ऊन आलं. दत्तारामने माझी कॉलर धरून मला उभं केलं. मग नुसता खांदा आवळला.

मी पाहिली ती. नदीच्या उतारापासून वर, कापलेल्या भाताच्या मळ्यांमधून, दोन बारीक सावल्या शेजारी शेजारी चाललेल्या. सरळ, आखल्यासारख्या. बांधांना छेदून, गोठ्याच्या मागून, थेट वरच्या चौथऱ्यापर्यंत. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटाखट दाबत सुटलो. सर दुसऱ्या बाजूला बघत होते. आवाज ऐकून वळले. "काय? काय दिसलं?"

दत्ताराम शांतपणे वळला आणि त्याने बोट दाखवलं, ते बरोबर उलट्या दिशेला, डोंगराकडे. "ती बघा सर. ती वाकडी रेघ, झाडीत शिरत्ये ती."

"अरे! ही तर भिंत आहे! तटबंदी! तुम्हाला माहीत होती?"

"मला कसली माहिती? वडलांना माझ्या चांगली ठाऊक होती."

"आणि ते काय म्हणायचे?"

"म्हणायचे, लय मेहनतीचं काम हाय."

सरांनी खिशातून डायरी काढली. तोवर ऊन वर आलं आणि दोन मिनिटांत आमच्या बाजूच्या सावल्या पुसल्या गेल्या. उतरताना बलून वालाच्या शेतात आडवा झाला. मी खाली, सर माझ्यावर. शेंगांची नासाडी पाहून शेतकरीण जे बोलली ते इथे छापता येणार नाही. सर डायरी सांभाळत निघून गेल्यावर मी दत्तारामला विचारलं, "ती तटबंदी तू वहीत का नव्हती लिहिलीस?" तो बांधावर बसून पोट धरून हसायला लागला. ती तटबंदी म्हणजे त्याच्या बापाने काजूच्या बागेला घातलेला गडगा होता. गुरं येऊ नयेत म्हणून, एकावर एक दगड रचून. रानात पडलेले देवळाचे घडीव दगड त्याच्या बापाने फुकट मिळाले म्हणून त्यात बसवले होते, त्यामुळे जवळ जाऊनही कुणी फसेल असा. मी तिथेच त्याला मिठी मारली. आणि रत्नागिरीला येऊन कॅमेरा उघडला, तर फिल्मची पट्टी चाकाच्या दात्यांत अडकलीच नव्हती. छत्तीस वेळा बटण दाबलं, एकही फोटो नाही. दत्ताराम हे ऐकून म्हणाला, "जाऊ दे. आपण दोघांनी बघितली ना? पुरं." पुरं नव्हतं. त्याच्या आवाजावरून कळत होतं.

पुढच्या वर्षी सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. एक पूर्ण प्रकरण तटबंदीवर, नकाशासकट. 'बलूनमधून निरीक्षण करताना मला गवसलेली'. मी दत्तारामच्या मागे लागलो, आता फोड, सभेत फोड, पेपरात फोड. तो म्हणायचा, "थांब, अजून एक आवृत्ती येऊ दे." तीही आली, आणि तीत गडगा आणखी दोनशे वर्षांनी म्हातारा झाला. "बापूस माझा आता नऊशे वर्षांचा," दत्ताराम चहाच्या टपरीवर सांगायचा, आणि आम्ही दोघं हसून हसून लोटपोट व्हायचो. बागेपाशी कुणीतरी पाटीसुद्धा लावली, 'प्राचीन तटबंदी. हात लावू नये.' बॉम्ब हातात असताना तो उडवायची घाई नसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण त्या पाटीमुळे गडग्याची दरवर्षीची डागडुजी थांबली. ढासळलेल्या जागेतून गुरं आत यायची, दत्ताराम काट्यांची झापं लावायचा, गुरं ती बाजूला सारायची. सुलूवहिनी गुरांनी खाल्लेली रोपं उपटून टाकायच्या. मला ते दिसत नव्हतं.

आणि मग तो गेला. सकाळी अंगणात बसल्या बसल्या, अर्धा कप चहा तसाच ठेवून.

शोकसभेला सर आले. वाचनालयात पन्नासेक माणसं होती. सर म्हणाले, "दत्ताराम माझी पिशवी उचलून पुढे चालायचा. असा निष्ठावान वाटाड्या आता होणे नाही." वाटाड्या! माझं डोकं फुटायची वेळ आली. मी उठलो, ध्वनिक्षेपक हातात घेतला, तटबंदी कुणाची ते आता सांगतोच, असं ठरवून तोंड उघडलं. समोर पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. पन्नास माणसं वाट बघत होती... आणि मी म्हटलं, "सर्वांनी चहा घेऊन जावं." एवढं बोलून खाली बसलो. सहा वर्षं जपलेला सूड, त्याचा मी चहा केला.

आठवड्याने वहिनींनी बोलावणं धाडलं. त्या दारातच म्हणाल्या, "भावोजी, तुमची दोघांची गंमत झाली, माझी काजूची रोपं गेली. तो गडगा घालायचाय. येताय काय हात लावायला?" आम्ही दोघं भर दुपारी बसलो दगड रचायला. मला दगड बसवता येत नाही, मी ठेवलेला प्रत्येक दगड वहिनी काढून पुन्हा ठेवत होत्या. तेवढ्यात एक प्रवासी जोडपं पाटी वाचून थांबलं. नवरा म्हणाला, "ओ काका, हे प्राचीन आहे, हात लावू नका." वहिनींनी मान वर केली. "माझ्या सासऱ्यानं घातलाय ह्यो. तुमी जरा सरका, गुरं यायच्या आत पुरा करायचाय." संध्याकाळी निघताना त्यांनी ती पाटी उपटली आणि गोठ्यात फळी म्हणून वापरायला घेतली.

तर सर, आता छापून आलंय. तटबंदी एका शेतकऱ्याने गुरांसाठी घातली. आणि नदीपासून वरच्या चौथऱ्यापर्यंत बुजलेली सडक दत्तारामने शोधली, पायाने शोधली आणि एकदा डोळ्यांनी पाहिली. ह्या लेखाचं शीर्षक बदलू नये, अशी मी संपादकांना हात जोडून विनंती केली आहे. तुमच्या पुढच्या आवृत्तीत सडक येईलच, त्याच्या आधी हे तारखेसकट छापलेलं असू दे.

एक सांगायचं राहिलं. बलूनमधून उतरल्यापासून दत्तारामने डांबरी रस्त्याने येणं सोडलं होतं. रोज सकाळी पोस्टात जाताना आणि दुपारी परत येताना तो त्या रेघेवरूनच चालायचा, पीक उभं असेल तर कडेकडेने. सहा वर्षांत गवत झिजून तिथे पांढरी पायवाट पडली. तो गेल्यावर ती बुजायला लागलीय, म्हणून हल्ली रविवारी मी तिच्यावरून चालतो. माझं वजन त्या कामी येतं. तर शोकसभा संपल्यावर सरांना वहिनींना घरी जाऊन भेटायचं होतं. गाडी नदीपाशी उभी करावी लागली. मी त्यांना त्याच वाटेने वर नेलं. मी पुढे, सर मागे, नव्या बुटांत. अर्ध्यात मातीतून वर आलेल्या एका घडीव फरशीच्या कडेची त्यांना ठेच लागली. ते पाय चोळत उभे राहिले. "काय हो ही वाट!" ते चिडून म्हणाले. "मधेच दगड काय, काही ताळतंत्र आहे की नाही?"

मी मागे वळून पाहिलं, त्यांच्या दोन्ही बुटांखाली पाहिलं.

"जपून या, सर," मी म्हटलं. "वरपर्यंत असेच आहेत."