डब्यातली सुभद्रा

भूतखेत मी मानत नाही. जन्मभर पहाटेच्या अंधारात आमच्या मोंतान्य ब्लांश गावच्या उसात कामाला गेलो, मुंगसाशिवाय काही आडवं आलं नाही. शाळा दोन वर्षं, म्हणून वाकडंतिकडं लिहितोय… पण डोळे शाबूत आहेत.

आमचा मुलगा राजन पोर्ट लुईला फोटो स्टुडिओत होता. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं आईचे, म्हणजे माझ्या सुभद्रेचे, ओळीनं फोटो काढले – उंबऱ्यापासून फाटकापर्यंत, पावलापावलाला एक. सगळे पाठमोरे. हातात रिकामी तांत, म्हणजे आमच्याकडची पातीची बाजाराची टोपली. फोटो बिस्किटाच्या डब्यात आतून गोल चिकटवले, वर फटी पाडल्या, डबा ग्रामोफोनवर फिरवला. फटीतून बघावं तर सुभद्रा चालतेय! फाटकाशी पोचली की परत उंबऱ्यावर.

ती म्हणाली, "मेल्या, नुसती चालवतोस. बाजार करून घरी तरी येऊ दे."

राजन फ्रान्सला गेला, तिथलाच झाला. ब्याऐंशीत सुभद्रा तापानं इस्पितळात गेली. निघताना "येते" म्हणाली. आमच्यात "जाते" म्हणत नाहीत. आली ती चादरीत.

राजन उगवला तेराव्यानंतर. आणि मागितलं काय, तर डबा. तिकडं बायकोपोरांना दाखवायचाय म्हणे.

तो निघायच्या दिवशी दुपारी मी एकटाच डबा फिरवत बसलो. गेली, गेली, गेली… मग समोरून आली. तोंड माझ्याकडं, कपाळाला कुंकू, तांतीतून भाजीचे शेंडे वर आलेले. उंबऱ्यापर्यंत आली.

डबा थांबवला, एकेक फोटो बघितला. सगळीकडं पाठ. तांत रिकामी.

राजनला सांगितलं तर हसला. "अय्यो पापा, उलटं फिरवलं असेल तुम्ही."

"उलटं फिरवलं तर पाठमोरीच मागं मागं येईल. तिचं तोंड कुठनं आलं?"

त्यानं डबा बॅगेत घातला. फोटो त्यानं काढलेले, म्हणजे त्याचेच ना!

पुढं एकदा फोनवर विचारलं, डब्यात आई काय करते रे? म्हणाला, "काय करणार पापा, फाटकाकडं जाते."

त्या दुपारी मी काय बघितलं, मला आजही कळलेलं नाही. देवळातल्या पंडिताला विचारलं, त्यानं हातावर प्रसाद ठेवला. पण तिथं, राजनकडं, ती नुसती जाणारच. घर इथं आहे.